झाकण

लवंगेचा वास मला आला होता. आज्जींच्या पापण्यांना बीटाडिन लावताना, मास्क असूनही, चांगला तिखट वास आला. दाढ दुखत असेल, म्हातारी माणसं धरतात तोंडात, असं मनाशी म्हणून मी हात धुवायला गेले. एका प्रश्नाचं काम होतं. तो विचारला नाही.

मी बुबुळाची डॉक्टर. पुस्तकात पारदर्शक पटल, आमच्यात कॉर्निया. पण सांगली-मिरजेकडं या दोन्ही नावांनी कुणी येत नाही. ‘बुबुळ बदलायचंय’ म्हणून येतात, नाहीतर ‘डोळ्यात फूल पडलंय’ म्हणून. पांढऱ्या डागाला फूल म्हणणाऱ्या आपल्या भाषेचं मला अजून नवल वाटतं. ज्याच्या डोळ्यात ते पडलंय त्याला त्यात फुलासारखं काहीच दिसत नसतं. उजाडलं का मावळलं, एवढंच कळतं.

फूल पडायला आमच्या भागात फार काही लागत नाही. उसाचं पातं सपकन डोळ्यावर येतं, मळणीत भाताचं कुसळ उडतं. ओरखडा एवढासा असतो. पण पाल्याबरोबर बुरशी आत शिरते, आणि माणूस मेडिकलमधून लाली घालवणारे थेंब आणतो. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. जखम भरून येते तेव्हा काचेच्या जागी चुन्याची भिंत उभी असते. आज्जींचं तसंच झालेलं. त्या शिराळ्याकडच्या, भाताच्या मुलखातल्या. उजवा डोळा सात-आठ वर्षांच्या असताना देवीत गेला, डावा सत्तरीला येऊन कुसळानं घालवला. म्हणजे ऑपरेशन ज्या डोळ्याचं करायचं, त्याशिवाय दुसरा डोळा नव्हताच.

यादीत नाव लागून नंबर यायला त्यांना नऊ महिने लागले होते. डिसेंबरातली गोष्ट. नेत्रपेढीतून बुबुळ आलं, त्या छोट्या डबीत गुलाबी द्रवात तरंगणारं, वर चिठ्ठी: नंबर, वय, मृत्यूची वेळ, डोळे काढल्याची वेळ, पेशींची संख्या. नाव नसतं. चार अंश तापमानात हा द्रव बुबुळ चौदा दिवसांपर्यंत सांभाळतो. मी शिकत होते तेव्हाचा द्रव चारच दिवस टिकायचा. मग रात्री-अपरात्री पेशंटना एसटीतून बोलावून घ्यायचं आणि ते येईपर्यंत घड्याळाकडं बघत बसायचं.

बुबुळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. सगळी मदार आतल्या बाजूच्या पेशींच्या एका थरावर. एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण अडीच हजार पेशी, षटकोनी, फरशी बसवावी तशा शेजारी शेजारी. बुबुळात झिरपलेलं पाणी त्या दिवसरात्र उपसत असतात, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्यातली एक गेली की परत येत नाही. शेजारच्या पसरून तिची जागा भरतात, इतकंच. संख्या पाचशेच्या आसपास उतरली की उपसा कमी पडतो, बुबुळ फुगतं, धुरकटतं. रोपणाच्या वेळी आम्ही बुबुळाला हात लावताना का बिचकतो ते यावरून कळेल. आतल्या बाजूला चिमटा टेकला की तेवढ्या जागेच्या पेशी गेल्याच.

ज्या सरांच्या हाताखाली मी शिकले ते फार कमी बोलायचे. दोन गोष्टी मात्र त्यांनी प्रत्येक ऑपरेशनच्या आधी, दोन वर्षं, न चुकता सांगितल्या. पहिली: आधी दात्याचं बुबुळ कापायचं, मग पेशंटचं. कारण दात्याचं कापताना काही बिनसलं, तिरकं कापलं गेलं, हातातून पडलं, तर पेशंटचा डोळा अजून बंद असतो. उठवून घरी पाठवता येतं. दुसरी: पेशंटचं काढलेलं बुबुळ डोळा शिवून होईस्तोवर टाकायचं नाही. सिस्टरनं ते वाटीत, सलाइनच्या थेंबात, हाताशी ठेवायचं. ही दुसरी गोष्ट मला तेव्हा म्हाताऱ्या माणसाच्या सवयीसारखी वाटायची, दोरा-कागद जपून ठेवतात तशी. खराब झालेलं, पांढरं पडलेलं कातडं ठेवून करायचंय काय?

आज्जींच्या दात्याचं बुबुळ आठ मिलिमीटरचं कापून झालं. त्यांचं साडेसातचं कापायचं; दात्याचं जरा मोठं घेतात, म्हणजे शिवताना ओढ बसत नाही. रक्तदाब आणि हृदयाचा जुना त्रास म्हणून भूलतज्ज्ञांनी पूर्ण भूल नको म्हटलं होतं, डोळ्यामागं इंजेक्शन देऊन डोळा बधिर केला होता. डोळ्यातला दाब उतरवायला मॅनिटॉल दिलेलं. खाटेची डोक्याकडची बाजू थोडी उचललेली. पापण्या उघड्या धरणारी तार डोळ्यावर दाबत नाही ना, तेही बघितलं. लघवीला जाऊन आलात का, हे तर आम्ही दोनदा विचारतो. लघवी तुंबली की माणूस चुळबुळतो आणि दाब चढतो. हसू नका, मोठमोठ्या सर्जनांच्या यादीत हा प्रश्न असतो.

मोतीबिंदूही होता. बुबुळ काढायचं, उघड्या डोळ्यातून मोतीबिंदू काढायचा, लेन्स बसवायची आणि नवं बुबुळ शिवायचं, असा तिहेरी बेत होता.

ट्रेफाइन फिरवलं. हे गोल पात्याचं हत्यार, करंजीच्या साच्यासारखं म्हणा. कडेनं कात्री चालवली आणि ते पांढरं टिकलीएवढं बुबुळ उचलून वाटीत दिलं.

या टप्प्याला इंग्रजीत ‘ओपन स्काय’ म्हणतात, उघडं आभाळ. नाव गोड, अवस्था भयंकर. डोळा हा पाण्यानं भरलेला फुगा आहे. आत पंधरा-सोळा मिलिमीटर पाऱ्याचा दाब असतो. बुबुळ काढलं की दाब शून्यावर येतो. मायक्रोस्कोपखाली डोळ्याला रंग देणारा तपकिरी पडदा, त्यामागं पिवळट मोतीबिंदू, आणि त्याच्या वर काही नाही. नुसती हवा. पांढऱ्या भागाच्या आत रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. एरवी आतल्या दाबानं तो दाबून धरलेला असतो. तो आधार अचानक गेला, आणि त्याच वेळी रक्तदाब उसळला, तर तिथली एखादी धमनी फुटते. रक्त थराच्या मागं साठत जातं आणि डोळ्यात आहे ते सगळं समोरच्या भोकाकडं ढकलतं. पडदा, भिंग, मागचा चिकट द्रव, शेवटी दृष्टिपटल. हे क्वचित घडतं. पण घडलं तर एखाद-दोन मिनिटांत डोळा कायमचा जातो, आणि सर्जन मायक्रोस्कोपमधून बघत बसलेला असतो.

मोतीबिंदूच्या आवरणाला सुई लावणार, एवढ्यात आज्जी खोकल्या.

एकदा नाही. दाबून धरलेला खोकला सुटतो तसा, उमाळ्यानं, चार-पाचदा. तोंडावरच्या कापडाखालून लवंगेचा वास पुन्हा आला आणि माझ्या पोटात गोळा आला. भिंग पुढं येताना दिसलं. पडद्याची कड भोकातून बाहेर फुगली. आज्जी म्हणाल्या, “बाई, डोळ्यात कळ आली.” बधिर केलेल्या डोळ्यात अचानक कळ येणं ही चांगली खूण नव्हे.

मी काय विचार केला ते सांगता येणार नाही, कारण केला नाही. हात पुढं गेला तो वाटीकडं. आज्जींचं ते पांढरं बुबुळ उचललं, भोकावर टाकलं आणि त्यावर अंगठा दाबून धरला.

दात्याचं बुबुळ शेजारीच होतं. ते लावलं असतं तर अंगठ्याखाली त्याच्या चौरस मिलिमीटरमागच्या अडीच हजारांतल्या किती पेशी राहिल्या असत्या? जुन्या बुबुळाला असली काही काळजी नव्हती. पाच वर्षं ज्यानं त्या बाईला आंधळं करून ठेवलं, ते त्या घटकेला पुरेपूर कामाचं होतं. झाकण म्हणून.

अंगठ्याखाली डोळा दगडासारखा लागत होता. भूलतज्ज्ञ एव्हाना पुढं झाले होते. रक्तदाब १९० वर गेलेला. शिरेतून औषधं गेली, खोकला थांबला, मॅनिटॉलची दुसरी बाटली लागली. सिस्टरनं न मागता आठ-शून्यचा रेशमी दोरा पुढं केला. एरवी आम्ही दहा-शून्यचं नायलॉन वापरतो, केसाच्या निम्म्याहून बारीक. पण तसल्या दोऱ्यानं घाईत शिवायला गेलं की दोराच बुबुळ चिरत जातो. अंगठा जरासा सरकवायचा, एक टाका. परत दाबायचा, सरकवायचा, समोरच्या बाजूला दुसरा. दोन टाक्यांच्या मधून पडदा स्पॅच्युलानं आत ढकलायचा. तिसरा. चौथा. आठ टाके होईपर्यंत कुणी बोललं नाही. मग पंधरा मिनिटं नुसते थांबलो. पांढऱ्या भागाला छेद देऊन साठलेलं रक्त बाहेर काढायची तयारी ठेवली होती, पण डोळा हळूहळू मऊ पडत गेला, म्हणून तिथं हात घातला नाही.

खरी परीक्षा त्यानंतर होती. डोळा बंद आहे, दाब उतरलाय, नवं बुबुळ कापून तयार आहे, लेन्सचा डबा समोर आहे. आता उघडावं आणि बेत पुरा करावा? नऊ महिने वाट बघितलेली बाई. बाहेर मुलगा बसलेला. माझ्या आतली एक बाई ‘कर की’ म्हणत होती, हे कबूल करते. रक्त थांबलंय, पण गाठ धरलेली नाही. पुन्हा दाब शून्यावर नेला तर ते पुन्हा सुटणार नाही, असं कुणी सांगावं? मी ग्लोव्हज काढले.

बाहेर जाऊन मुलाला सांगणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम. “बुबुळ बसवलं नाही. आत रक्तस्राव झाला, तो आवरलाय. जुनंच परत शिवलंय.” तो म्हणाला, “म्हणजे जसं होतं तसंच?” मी म्हटलं, तसंच राहिलं तर आपण नशीबवान. अशा वेळी डॉक्टर लोक एकदम इंग्रजीत जातात. मीही पूर्वी जायची. ‘इंट्राऑपरेटिव्ह’ असा शब्द तोंडात आला की समोरचा माणूस मान हलवतो आणि आपण सुटतो.

दात्याचं कापलेलं बुबुळ वाया जाऊ दिलं नाही. वॉर्डात बीडकडून आलेला एक ऊसतोड कामगार होता, बुरशीची जखम औषधांना न जुमानता पसरत चाललेली, केव्हाही भोक पडेल अशी. त्याचं नाव यादीत तातडीचं म्हणून होतंच. नेत्रपेढीला फोन झाला, रजिस्टरला नोंद बदलली आणि दुपारी ते आठ मिलिमीटर त्याच्या डोळ्यावर बसलं. तसल्या डोळ्यात टाके घालणं म्हणजे भिजलेल्या पावाला शिवणं. दृष्टीसाठी नाही, डोळा वाचवण्यासाठी करतात ते ऑपरेशन. वाचला.

संध्याकाळी राउंडला आज्जींच्या खाटेशी बसले. म्हटलं, “आज्जी, खोकला किती दिवसांचा?”

“पंधरा दीस झालं.”

“मग सांगितला का नाही? सिस्टरनं विचारलं होतं.”

“सांगितला असता तर म्हनला असता, पुढच्या खेपंला या. नंबर गेला असता की ओ माझा.”

रात्रभर लवंग आणि खडीसाखर चघळून त्यांनी खोकला दाबून धरला होता. आमचा प्रश्न कसा विचारला जातो ते मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम उभं राहून ऐकलं. सिस्टर हातात फॉर्म घेऊन एका दमात म्हणत होती: “खोकला-सर्दी-ताप नाही ना?” उत्तर प्रश्नातच घातलेलं. ‘नाही ना’ला कोण ‘आहे’ म्हणेल, आणि तेही ऑपरेशनच्या सकाळी, उपाशी पोटी, नऊ महिन्यांनी? गुंतागुंत ऑपरेशनच्या टेबलावर सुरू झाली असं आमच्या कागदावर आहे. ती त्या ‘ना’मध्ये सुरू झाली होती. आता आम्ही सांगतो की खोकला असला तरी नंबर जात नाही, फक्त तारीख पुढं जाते; आणि मग विचारतो. मी स्वतः तोंड उघडायला लावते. लोकांना वाटतं बाई डोळ्याच्या का दाताच्या.

हात आवरता घेण्याचा हा धडा मला एकदम मिळाला नव्हता. त्याआधी काही वर्षं एका एकोणीस वर्षांच्या मुलाचं ऑपरेशन केलं होतं. त्याचं बुबुळ शंकूसारखं पुढं आलेलं, आतला थर मात्र उत्तम. अशा वेळी पूर्ण बुबुळ न बदलता वरचा भाग सोलून काढतात आणि शेवटचा थर, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाडीचा, पेशंटचाच ठेवतात. स्वतःच्या पेशी राहतात, म्हणून आतला थर शरीरानं नाकारण्याची भीती जाते. सुईनं हवा भरून मोठा बुडबुडा करायचा आणि त्या जोरावर थर वेगळे करायचे, ही अन्वर या सर्जनची पद्धत २००२ पासून जगभर रुळली. बुडबुडा छान झाला. पुढं कात्री चालवताना त्या पातळ थराला भोक पडलं. भोक बारीक असतं तर हवा भरून भागतं. हे मोठं होतं. सर म्हणाले असते, ‘सोड, पूर्ण बुबुळ बदल.’ पण सर तिथं नव्हते आणि मी अर्धा तास त्या फाटक्या थराशी झुंजत बसले. शेवटी बदललंच. त्या अर्ध्या तासानं मुलाचा काही फायदा झाला नाही. मला ‘मी प्रयत्न केला’ असं म्हणता आलं, एवढंच. तेव्हा आतला थर चांगला असलेलं पूर्ण बुबुळ टेबलावर तयार ठेवलं होतं म्हणून निभावलं. वरच्या थराचंच ऑपरेशन आहे म्हणून कुणी वरच्यापुरतंच बुबुळ मागवलं तर मी आजही भांडते.

त्याच्या उलट ऑपरेशन म्हणजे फक्त आतला थर बदलणं. मेलेस या डच सर्जननं २००६ मध्ये दाखवलेली रीत. यात डोळा उघडायचाच नाही, दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून काम. पण दात्याचा तो थर सुटा केला की आपोआप गुंडाळी होते, विड्याच्या पानासारखी, आणि पेशी बाहेरच्या अंगाला. निळा रंग देऊन दिसेल असा करायचा, आत सोडायचा आणि वरून बुबुळावर टिचक्या मारत उलगडायचा. हात लावायचा नाही. तरुण दात्याची गुंडाळी जास्त घट्ट, म्हणून इथं पन्नाशीच्या पुढचा दाता बरा पडतो. आमच्या धंद्यात म्हातारपणाची किंमत वाढते ती एवढीच जागा. उलटा बसला तर काम करत नाही. सुलटा बसला तरी खाली हवेचा बुडबुडा भरून पेशंटला उताणं झोपवायचं, नाहीतर थर सुटून लोंबतो. मग परत हवा. एका पेशंटच्या बायकोनं मला विचारलं होतं, “सायकलच्या दुकानात भरतात तशीच का हो?” जवळजवळ तशीच.

७ डिसेंबर १९०५ ला एदुआर्द झिर्म यांनी मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, ओलोमोउत्स गावी माणसाच्या बुबुळाचं पहिलं यशस्वी रोपण केलं. पेशंट आलोइस ग्लोगार, चुन्यानं दोन्ही डोळे पोळलेला मजूर. दाता अकरा वर्षांचा मुलगा. लोखंडाचा तुकडा घुसून त्याचा डोळा काढावा लागला होता. बुबुळाला टाका घालण्याजोगा दोरा तेव्हा नव्हता. झिर्म यांनी नवं बुबुळ जागेवर ठेवलं आणि वरून आडवे दोरे ताणून ते धरून ठेवलं. तेही एका अर्थी झाकणच. दोन्ही डोळ्यांत रोपण केलं होतं. एक बिघडलं, एक टिकलं. यश म्हणून जे सांगतात ते दोनातलं एक.

आज्जींच्या डोळ्यातलं रक्त सोनोग्राफीवर दिसत होतं, तीन आठवड्यांत विरलं. मार्चमध्ये दुसरं बुबुळ आलं. त्या वेळी छातीच्या डॉक्टरांना दाखवून, हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन, पूर्ण भूल देऊन केलं. सोळा टाके. मोतीबिंदूला हात लावला नाही, तो पुढं वेगळा काढला. त्या ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काहीच घडलं नाही.

टाके काढायला दीड वर्षानं बोलावलं, तेव्हा पितृपंधरवडा होता. नेत्रदान पंधरवडा नुकताच सरलेला, दवाखान्याच्या भिंतीवर बॅनर तसेच. आज्जी आपल्या आपण चालत आल्या, खुर्चीत बसल्या, हनुवटी टेकवली.

“बाई, माझ्या डोळ्यात कुनाचं हाय त्ये सांगत न्हाईसा. म्हाळाला पान कुनाच्या नावानं वाढू?”

नाव सांगता येत नाही आज्जी, नियम आहे, म्हटलं.

“बरं, बाई हुती का गडी? एवढं तरी.”

चिठ्ठी मला आठवत होती. “बोलू नका, डोळा हलतो,” म्हणून मी सुईच्या टोकानं पहिला टाका तोडला.

थोडा वेळ गप्प राहिल्या. मग ओठ न हलवता म्हणाल्या, “दोन पानं वाढती मग. त्या ऊसवाल्या पोराला गेलं, त्ये पयलं बी माझ्याच नंबरचं हुतं न्हवं.”

आणि स्वतःच हसल्या. डोळा हलला. मी चिमटा मागं घेतला आणि थांबले.